चौथा सेल

लालीने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, उलटं केलं आणि त्याच्या पाठीतला सेल नखाने उचकटून काढला. टिकटिक थांबली. घर एकदम इतकं गप्प झालं की तिला उगाचच वाटलं, जिना उतरणारा नवराही आता जागच्या जागी थांबेल आणि मान वर करून बघेल. तो थांबला नाही. खाली फाटकाची कडी वाजली, स्कूटर सुरू झाली, आवाज कोपऱ्यावरून वळून गेला. तिने घड्याळ परत खिळ्याला अडकवलं. काटे नऊ वाजून पाच मिनिटांवर उभे होते.

"घड्याळ बंद पडलं," दाराजवळच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

"सेल संपला असेल, आई."

"मघाशी तर चालत होतं."

"सेल काय सांगून संपतात का?"

सासूबाई पुन्हा दाराकडे बघू लागल्या. त्यांच्या मांडीवर नेहमीची पर्स होती आणि कानाशी नेहमीचा छोटा रेडिओ. रेडिओ केव्हाचा मुका होता. तरी त्या दिवसभर तो कानाशी धरून बसत, मधूनच मान हलवत, जणू आत कुणीतरी त्यांना पटेल असं बोलत होतं. नाश्ता झाला की पर्स घेऊन दाराशी येऊन बसायचं, जेवायला उठायचं, पुन्हा येऊन बसायचं. बाहेर निघालेल्या बाईसारख्या त्या रोज तयार असत आणि रोज कुठेच जात नसत.

जाणार तरी कशा? दाराला कुलूप होतं. लोंबतं टाळं नव्हे, दारातच बसवलेलं, आतून काय आणि बाहेरून काय, किल्लीनेच फिरणारं. थंडी सरताना सासूबाई एकट्याच घराबाहेर पडल्या आणि हरवल्या. नवऱ्याला त्या बसथांब्यावर सापडल्या, तेव्हापासून तो जाताना कुलूप लावून जाऊ लागला. त्या धांदलीत सासूबाईंकडची किल्लीही कुठेतरी गेली. लालीची किल्ली त्याने दुसरी करून आणतो म्हणून नेली. ती दुसरी किल्ली अजून होतेच आहे.

आणि चार्जर. रोज निघताना तो भिंतीतला चार्जर काढून बॅगेत टाकायचा. "माझा कामावरचा बिघडलाय गं, हा नेतो." लालीच्या बटणांच्या फोनची बॅटरी जुनी होती, भिंतीपासून सुटली की चहा उकळेपर्यंत जीव सोडायची. संध्याकाळी तो स्वतःच्या हाताने फोन लावायचा, आपल्या उशीजवळ. कुणाशी बोलायचं तर तेव्हा बोलायचं, फोन स्पीकरवर ठेवून, त्याच्या शेजारी बसून. तिने तक्रार केली की तो अगदी हळू आवाजात म्हणायचा, "तुझा फोन मी कधी घेतलाय का? तुझ्याजवळच तर असतो."

तो ओरडत नसे. हात उगारणं तर लांबच. तसं काही असतं तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस हो, आईला इतकं जपणारा माणूस मिळायला. लाली मान डोलवायची. मान डोलवून डोलवून तिला आता घुसमटल्यासारखं व्हायला लागलं होतं, खरोखरचं, छातीत. दुपारी ती खिडकीच्या गजांना नाक लावून उभी राहायची आणि चार मजले खाली माणसं आपापल्या पायांनी इकडेतिकडे जाताना बघायची.

लाली हे नाव या घरातलं नव्हे. ते कारखान्यातलं. लग्नाआधी ती जिथे कामाला होती तिथे चार सेलवर चालणारे खिशातले चार्जर बनत. वीज नसेल तिथे, प्रवासात, फोनमध्ये धुगधुगी ठेवण्यापुरते. पट्ट्यावरून माल सरकत यायचा आणि प्रत्येकीने आपापला एकच टाका मारायचा. हिचा टाका लाल वायरचा, म्हणून ही लाली. समोर बसणारी काळी वायर लावायची म्हणून ती काळी. रंगाने ती दुधासारखी होती आणि या नावाची गंमत तिला स्वतःलाच सगळ्यांत जास्त वाटे. डायोड लावणारी ती पट्टी, कारण डायोडच्या काळ्या नळीवर एका टोकाला एक पांढरी पट्टी असते आणि ती कुठल्या बाजूला ठेवायची हे दिवसभर पुटपुटत बसणं हाच तिचा जप. शेवटी तपासणीवाली. आणि या सगळ्यांवर बाई. लालीने हजारो चार्जरना लाल वायर लावली होती. अख्खा चार्जर तिने आयुष्यात एकही केला नव्हता.

गेल्या आठवड्यात सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं. नवरा औषधाच्या खिडकीशी रांगेत होता तेवढ्यात बाकावर शेजारी येऊन कुणीतरी बसलं. काळी. अंगाने भरली होती, पण हसणं तेच.

"नवी लाइन सुरू होतेय," इकडेतिकडे न बघता, भराभर ती म्हणाली होती. "बाईंना जुने हात हवेत. राहायला खोली देतात, मीपण तिथेच आहे. पुढच्या सोमवारपर्यंत कळव. बाई फोन जेवणाच्या सुट्टीतच घेतात, माहितीये ना."

"नंबर?"

"तोच. आपल्या हॉलच्या भिंतीवरचा."

जेवणाची सुट्टी म्हणजे भरदुपारी. तेव्हा लालीचा फोन मेलेला असायचा. आज सोमवार होता.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सामान मांडलं. पिठाच्या डब्यात लपवलेली पिशवी काढून झटकली. तीत कधीच मेलेल्या एका जुन्या चार्जरची वायर होती, टोकाला फोनची पिन शाबूत असलेली. तो चार्जर निकामी होता म्हणूनच तो घरात राहिला होता. माळ्यावरच्या फुटक्या दिव्यातून नखं कापायच्या कात्रीने तोडून काढलेला एक डायोड होता. टॉर्चमधले दोन सेल आणि आता घड्याळातला एक. जुन्या कॅलेंडरचं जाड पान होतं, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी होती, रबरबँड आणि जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. डागायला काही नव्हतं, तेव्हा पीळ देऊन भागवायचं.

सेल तीन. हवेत चार. एक तिला टीव्हीच्या रिमोटमध्ये सापडेल असं वाटलं होतं, पण त्यातले सेल करंगळीएवढे बारीक निघाले. त्यातला एक फुगून पांढरा झाला होता आणि दुसऱ्यावर रिमोट चालायचा तो चार थपडा खाऊन.

ती हात पुसत बाहेरच्या खोलीत आली.

"आई, जरा रेडिओ बघू."

सासूबाईंनी रेडिओ कानावरून काढून छातीशी धरला.

"तसाही बंदच आहे ना तो. आतला सेल हवाय मला. संध्याकाळच्या आत परत घालते."

"माझा आहे."

"तुमचाच आहे. मी कुठे खाऊन टाकणारे?"

तिने हात पुढे केला आणि रेडिओचं टोक धरलं. जरासं ओढलंच. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तो असा आवळला की बोटांची पेरं पांढरी पडली, आणि त्यांच्या डोळ्यांत निव्वळ भीती दिसली. लालीने हात मागे घेतला. या घरात अजून एका माणसाने त्यांच्यावर जबरदस्ती करायची काही गरज नव्हती.

ती परत आत आली, पण मनात चरफडत. मुक्या रेडिओसाठी जीव टाकायचा म्हणजे काय. संध्याकाळी नवरा आला की बूट काढता काढता विचारायचाच, आई काय करत होती दिवसभर? आणि लाली सांगायची. किती वेळा उठल्या, काय खाल्लं, पर्स किती वेळा उघडली. न सांगितलं तर तो पुन्हा विचारायचा, अजून हळू आवाजात, त्यापेक्षा सांगून मोकळं झालेलं बरं. मग तो आईकडे वळायचा. आई, ही काय करत होती गं? सासूबाई त्याच्याकडे बघत राहायच्या. "आठवत नाही रे." आणि तो लालीला म्हणायचा, बघ, दिवसेंदिवस वाढतंय.

नोकरी मिळालीच तर पुढच्या वेळी दवाखान्यात, तो औषधांच्या रांगेत असताना, बाकावरून उठायचं आणि चालू लागायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. बाकावर शेजारी सासूबाई असतील. त्यांचं काय, हा विचार आला की ती घाईघाईने दुसरं काहीतरी हातात घ्यायची. आता तिने कॅलेंडरचं पान हातात घेतलं.

पानाची घट्ट नळी केली. सेल एकामागे एक आत सरकवले, एकाच्या बुडाला दुसऱ्याचं तोंड लावून. चौथ्या जागी रिमोटमधला बारीक सेल, तो डगडगू नये म्हणून त्याला कागदाचे वेढे दिले. दोन्ही टोकांना चांदीची घडी घालून रबरबँडने आवळली. इथपर्यंतचं काम कारखान्यात स्प्रिंग बसवणाऱ्या पोरी करायच्या, त्यांना कुणी नावसुद्धा दिलं नव्हतं. मग वायरचं साल काढलं. आत लाल आणि काळी, दोघी शेजारी शेजारी. काळी थेट सेलच्या बुडाला गेली. लाल वायर आणि सेलचं तोंड यांच्यामध्ये डायोड. त्याच्यामुळे वीज एकाच दिशेने जाते, उलटी फिरत नाही, आणि फोनला पचेल एवढीच पोचते, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता फक्त पट्टी कुठल्या बाजूला?

लालीने डोळे मिटले. पट्टीचं पुटपुटणं लगेच ऐकू आलं. पट्टी खिडकीकडे. पट्टी खिडकीकडे.

स्वयंपाकघराची खिडकी तिच्या समोर होती. तिने पांढरी पट्टी खिडकीकडे केली, लाल वायर आपल्या हाताच्या बाजूला पिळली, चिकटपट्टी गुंडाळली आणि पिन फोनमध्ये घातली.

काहीच नाही.

पिन काढून पुन्हा घातली. चांदी दाबून बघितली, सेल फिरवून बघितले. फोनच्या काचेत तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं. किती वाजले असतील? सवयीने तिने घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजून पाच. मग तिच्या लक्षात आलं की वेळ कळायला आता घरात काहीच उरलेलं नाही. फोन मेलेला, टीव्हीच्या रिमोटचे सेल काढलेले, घड्याळ तिनेच मारलेलं. वा गं वा, ती स्वतःला म्हणाली. शहाणी.

"आई, किती वाजले असतील हो?" तिने तसंच विचारून टाकलं, भिंतीला विचारावं तसं.

"शाळेची छोटी सुट्टी झाली," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. "पोस्टमन अजून आला नाही. साडेअकरा."

लालीने बाहेर डोकावून बघितलं. मग पुन्हा वायरींकडे वळली.

तिने डोळे पुन्हा मिटले आणि या वेळी नुसतं पुटपुटणं नाही, अख्खा हॉल आणला डोळ्यांपुढे. पट्ट्याची घरघर. तापल्या कथलाचा वास. समोर काळी बसलेली, आणि दुपार कलली की तिची ती रोजची तऱ्हा. कपाळावर आडवा हात धरून काम करायची, कारण ऊन थेट डोळ्यांत. "तुझं बरं आहे बाई, तुझ्या पाठीला शेक मिळतो," म्हणायची.

पाठीला.

लालीने डोळे उघडले. खिडकी तिच्या समोर नव्हतीच कधी. खिडकी तिच्या पाठीशी होती. पट्टी खिडकीकडे म्हणजे समोर नव्हे, पट्टी लालीकडे. इतकी वर्षं समोरून सरकत आलेल्या प्रत्येक डायोडची पांढरी पट्टी तिच्याच रोखाने येत होती, तिच्याच वायरपाशी येऊन थांबत होती, आणि तिने एकदाही मान वर करून ते बघितलं नव्हतं. ती आपली लाल वायर बघत बसली होती.

तिने चिकटपट्टी सोडली. डायोड उलटा केला, पट्टी लाल वायरकडे, पीळ घातला, पुन्हा गुंडाळलं. पिन आत.

काच उजळली. रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं, त्यात एक रेघ चढली. लालीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. रेघ लुकलुकली, उतरली, आणि काच पुन्हा काळी झाली.

तिने बारीक सेल दाबला. पुन्हा उजेड, पुन्हा अंधार. त्या मरतुकड्या सेलने बाकी तिघांनाही अडवून धरलं होतं. तिने तो काढून टेबलावर टाकला. तो घरंगळत जाऊन खाली पडला, तरी तिने उचलला नाही. खुर्चीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन, आवाज न करता, रडली. सगळं बरोबर होतं, पट्टीसुद्धा बरोबर होती, आणि एका सेलवाचून ती इथेच राहणार होती. उद्या सकाळी तो म्हणणार होता, हा नेतो गं. परवाही.

"चार लागतात का?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पर्स खांद्याला, रेडिओ हातात. त्या टेबलाशी आल्या आणि वायरींचं ते बुजगावणं त्यांनी नीट निरखून बघितलं.

"फोन करायचाय तुला. त्या गोऱ्या मुलीच्या बाईंना. दवाखान्यातल्या."

लालीने तोंडावरचे हात काढले. "तुम्हाला आठवतंय ते?"

"जेवणाच्या सुट्टीत, म्हणाली ती. पोस्टमन आत्ता येऊन गेला. म्हणजे झालीच सुट्टी."

त्यांनी रेडिओ टेबलावर पालथा घातला आणि अंगठ्याने मागचं झाकण सरकवलं. आत दोन सेलची जागा होती. एका खोबणीत सेल होता, नवाकोरा, दुकानातून आणून घातल्यावर ज्याला कधी कामच पडलं नव्हतं असा. दुसऱ्या खोबणीत रुमालाची एक चिंधी गच्च कोंबलेली होती. त्यांनी सेल काढून लालीच्या पुढे ठेवला. मग चिंधी उपसली आणि उलगडली. आत किल्ली होती.

लाली त्या किल्लीकडे बघत राहिली. तिची स्वतःची किल्ली नवऱ्याने नेली होती, तरी त्या किल्लीच्या दातांचा आकार तिला पाठ होता. हे दात तेच होते.

"ही हरवली होती."

"त्याला तसं वाटतं."

"लागते?"

"लागते. तू आंघोळीला गेलीस की लावून बघते. जिन्यात जाऊन उभी राहते थोडा वेळ. मग आत येते आणि परत लावून घेते."

इतके दिवस ती मोरीत डोक्यावर पाणी घेत होती तेव्हा घराचं दार उघडं होतं. भिंतीपलीकडे, सताड उघडं.

"मग गेला का नाहीत?" तिचा आवाज चढला. "किल्ली होती तुमच्याकडे. गेला का नाहीत, आई?"

"कुठे?"

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. चिंधीची घडी घालू लागल्या.

"त्या दिवशी मी हरवले नव्हते गं. मी निघाले होते. बॅग भरून निघाले होते. थांब्यावर बसले आणि कुठली बस धरायची तेच ठरेना. एक गेली, दुसरी गेली. बहीण होती ती राहिली नाही, माहेरी आता कुणी ओळखायचं नाही. बसले तशीच. मग तो आला आणि सगळ्यांना सांगितलं, आई हरवली होती. मला वाटलं, असू दे. निघाली होती म्हणण्यापेक्षा ते बरं."

"मला का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, त्यामुळे लालीला ती जास्तच लागली.

"तू संध्याकाळी सगळं सांगतेस त्याला. मी पर्स किती वेळा उघडली तेसुद्धा."

लालीचं तोंड तापलं. ती खाली बघत पुटपुटली, "तो विचारतो."

"मलाही विचारतो."

"तुम्ही तर..." लाली बोलता बोलता थांबली. दर संध्याकाळचं ते एकच उत्तर, त्याच सुरात, तिच्या कानांत एकदम नव्याने वाजलं. "तुम्ही तर म्हणता, आठवत नाही."

"मग?" चेहऱ्यावरची रेघही न हलवता सासूबाई म्हणाल्या. "नाहीच आठवत मला काही. लाव तो सेल."

लालीने सेल लावला. हातांना आता त्यांचं काम माहीत होतं. पिन आत गेली. काच उजळली, रेघ चढली आणि या वेळी उतरली नाही. दोघी खुर्च्या जवळ घेऊन त्या एवढ्याशा चित्राकडे बघत बसल्या. रेघ भरायची, रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. घरात टिकटिक नव्हती. खाली कुणीतरी गाडी धुत होतं, पाण्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी एकदा उठून दोन कप चहा केला. लालीला तो पिववला नाही, त्यांनी दोन्ही प्यायले.

"लाव आता," शेवटी त्याच म्हणाल्या. "सुट्टी संपेल."

लालीने पिन तशीच ठेवून फोन सुरू केला आणि भिंतीवरचा नंबर दाबला. एकेक आकडा हॉलच्या त्या पिवळ्या भिंतीवरून वाचावा तसा येत गेला. वाजलं. वाजत राहिलं.

"कोण?" मागे थाळ्यांचा आवाज, बायकांचा कलकलाट.

"बाई, मी... लाली. लाल वायर."

"अगं, कुठे होतीस? काळी रोज डोकं खातेय माझं. येणार आहेस की नाही? आज नाही सांगितलं तर मी उद्या दुसरी घेणार."

"येते."

"कधीपासून?"

लालीने किल्लीकडे बघितलं. दवाखाना, बाक, औषधांची रांग, हे सगळं जुळवून तोंडपाठ केलेलं तिच्या डोक्यात होतं. टेबलापलीकडे सासूबाई चिंधीची घडी आणखी बारीक करत होत्या. आता ती बोटाच्या पेराएवढी झाली होती आणि त्यापुढे होत नव्हती. त्या मान वर करून काही विचारत नव्हत्या. त्यांनी कधीच काही विचारलं नव्हतं.

"आज," लाली म्हणाली. "आजच येते, बाई."

"आज? बरं, ये. काळीच्या खोलीत एक खाट रिकामी आहे."

"दोन लागतील."

"दुसरी कोण?"

"माझ्या सासूबाई."

पलीकडे एक क्षण नुसत्या थाळ्याच वाजल्या.

"लोक सासूपासून पळतात गं," बाई म्हणाल्या. "तू सासूला घेऊन पळतेस?"

"हो."

"कामाला बसतील? डोळे कसे आहेत त्यांचे?"

"डोळे चांगले आहेत," लाली म्हणाली. तिला हसू येत होतं. "सगळं दिसतं त्यांना. लक्षातही राहतं."

सासूबाईंच्या हातातली घडी सुटून टेबलावर पडली.

"बरं, या दोघी. खाटेचं काहीतरी..."

काच काळी झाली. लालीने फोन तरीही थोडा वेळ कानाशी धरून ठेवला. मग खाली ठेवला.

पुढचं फारसं बोलणं न होता झालं. सासूबाईंची बॅग भरायची नव्हतीच. ती पलंगाखाली भरलेलीच होती, त्या दिवसापासून कुणी सोडली नव्हती. लालीने आपले कपडे एका पिशवीत कोंबले, कागदपत्रं घेतली, चहाचे कप विसळून पालथे घातले. का घातले कुणास ठाऊक. मग टेबल आवरायला घेतलं. नळी सोडवली, टॉर्चचे सेल टॉर्चमध्ये गेले, रेडिओचा सेल तिने रेडिओत घातला आणि रेडिओ सासूबाईंच्या पर्सवर ठेवला. डायोड रुमालात बांधून घेतला. उरला घड्याळाचा सेल. तो मुठीत घेऊन ती सवयीने स्टुलावर चढली.

"राहू दे," दाराशी उभ्या सासूबाई म्हणाल्या.

"बंद घड्याळ दिसलं की त्याला..."

"दिसू दे की. काटे बघ कुठे आहेत."

लालीने बघितलं. नऊ वाजून पाच.

"त्याला वाटेल," सासूबाई म्हणाल्या, "तो जिना उतरला आणि पाठोपाठ आपण गेलो."

लाली स्टुलावरून उतरली. स्टूल जागेवर सरकवलं, सेल खिशात टाकला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. सासूबाईंनी किल्ली तिला दिली नाही. त्यांनी स्वतःच ती कुलपात घातली, न चाचपता, आणि रोजच्या हाताने फिरवली.